सात वर्षांत सौर पॅनेल थकतात का?

प्रश्न : औसा तालुक्यातील आमच्या शेतात ५ अश्वशक्तीचा सौर पंप बसवून सात वर्षे झाली. पहिल्या दोन-तीन वर्षांइतके पाणी आता पडत नाही. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणतो, पॅनेल जुनी झाली, सगळी बदला. त्याचे म्हणणे खरे मानावे का?

उत्तर : पॅनेल वर्षागणिक क्षीण होतात हे खरे, पण सात वर्षांत सगळी बदलावी लागतील इतकी नव्हेत. सिलिकॉनच्या चांगल्या पॅनेलची क्षमता पहिल्या वर्षी एक-दोन टक्क्यांनी उतरते आणि पुढे दरवर्षी साधारण अर्धा ते एक टक्का कमी होत जाते; म्हणूनच बहुतेक उत्पादक २५ वर्षांनंतरही सुमारे ८० टक्के क्षमतेची हमी देतात. आयआयटी मुंबई आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था यांच्या देशव्यापी पाहणीत उष्ण प्रदेशातील पॅनेल थंड प्रदेशातील पॅनेलपेक्षा लवकर झिजलेली आढळली, त्यामुळे मराठवाड्यात ही घट थोडी अधिक धरावी. तरीही सात वर्षांत पाच ते दहा टक्क्यांच्या पलीकडे उतार पडला असेल, तर दोष नुसत्या वयाचा नाही.

ही झीज होते कशी, तर काचेखाली सिलिकॉनच्या चकत्यांना धरून ठेवणारा जो पारदर्शक थर असतो, तो उन्हातील अतिनील किरणांनी आणि उष्णतेने पिवळा, पुढे तपकिरी पडतो आणि प्रकाश अडवू लागतो. आपल्या पॅनेलकडे सकाळच्या तिरप्या उजेडात पाहिलेत तर कदाचित चकतीचा मध्य तपकिरी आणि कडा मात्र स्वच्छ दिसतील, कारण कडेने शिरणारा प्राणवायू तेथील रंग उडवत राहतो. पावसाळ्यात आत गेलेल्या ओलाव्यामुळे याच थरातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि ते चांदीच्या बारीक रेषा गंजवते. शिवाय दिवसा तापून रात्री निवताना तांब्याची पट्टी आणि सिलिकॉन सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे डाखाचे सांधे सैल होतात. पॅनेलच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर खडूसारखी पांढरी भुकटी लागली, तर मागचे आवरणही जीर्ण होऊ लागले आहे असे समजावे. गारपिटीत काच शाबूत राहिली तरी आतल्या चकत्यांना केसाएवढे तडे जाऊ शकतात, आणि ते पुढे काही महिन्यांनी तपकिरी रेघांच्या रूपाने दिसू लागतात.

उन्हाळ्यातील घट मात्र या हिशेबात धरू नये. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. वैशाखात चकत्या ६५ अंशांपर्यंत तापतात आणि दर अंशाला सुमारे ०.४ टक्के या हिशेबाने १६ टक्के वीज तात्पुरती कमी होते. ती हिवाळ्यात परत मिळते, त्यामुळे यंदाच्या मे महिन्याची तुलना मागील मे महिन्याशीच करावी.

माझा कौल असा की, पॅनेलवर ठपका ठेवण्याआधी बोअरची पाणीपातळी मोजून घ्यावी. पाणी खोल गेले की तेवढ्याच विजेत पंप कमी पाणी उपसतो, आणि लातूरकरांना हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर सावली पाहावी : पंप बसवताना रोपटे असलेली बाभूळ आता एखाद्या पॅनेलवर फांदी टाकत असेल, आणि पॅनेल एकापुढे एक जोडलेली असल्याने एकाच पॅनेलवरील सावली सगळ्या रांगेला मागे खेचते. तरीही शंका उरली, तर जाणकार तंत्रज्ञाकडून स्वच्छ उन्हात प्रत्येक पॅनेलचा व्होल्टेज आणि करंट स्वतंत्रपणे तपासून घ्यावा. रांगेतील डीसी विजेचा झटका जिवावर बेतू शकतो, म्हणून हे काम स्वतः करू नये. बहुधा एखाददुसरे पॅनेल किंवा त्यामागील डबीतला डायोड (सावलीतल्या वा बिघडलेल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणारा छोटा भाग) बिघडलेला निघतो. हमीची मुदत असल्यास या मोजणीची लेखी नोंद मागावी.

प्रश्न : जालन्यात आमच्या गच्चीवरील पॅनेल बोअरच्या पाण्याने धुतली तर चालतील का?

उत्तर : शक्यतो टाळावे. बोअरचे जड, म्हणजे क्षारयुक्त पाणी काचेवर वाळले की क्षारांचे पांढरे डाग बसतात, आणि ते नुसत्या फडक्याने निघत नाहीत. साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. ते नसेल तर बोअरचे पाणी वापरून काच लगेच रबरी पट्टीने निपटावी. धुणे सूर्योदयाच्या सुमारास करावे, कारण दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यास ती तडकू शकते. तारेची घासणी वापरू नये आणि पॅनेलवर पाय देऊन उभे राहू नये.