अठ्ठावीस दिवसांचा हिशेब
वाचकांचे प्रश्न : परदेशी शिक्षण आणि व्हिसा

प्रश्न : मुलीला मँचेस्टरला एमएस्सीसाठी प्रवेश मिळाला आहे. माझ्या नावावर एफडी आहेत, काही रक्कम तिच्या आजोबांच्या खात्यात आहे आणि मुळशीत दोन एकर जमीन आहे. सातबारा आणि सीएचे प्रमाणपत्र जोडले तर पुरेल ना?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : सातबारा कपाटातच राहू द्या. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी जमीन, घर, दागिने, शेअर, म्युच्युअल फंड यांतले काहीच धरत नाहीत, मग सीएने कितीही मोठा आकडा लिहून दिला तरी. पैसा बँकेत हवा, हवा तेव्हा काढता येणारा हवा आणि मुलीच्या किंवा आईवडिलांच्या नावावर हवा. आजोबांच्या खात्यातली रक्कम आहे तिथे ठेवून दाखवता येणार नाही. ती आधी तुमच्या किंवा मुलीच्या खात्यात घ्या, दिवस तिथून पुढे मोजायचे.

आता रक्कम. पहिल्या वर्षाच्या फीपैकी जी भरायची राहिली आहे ती, आणि राहण्याखाण्याचे जास्तीत जास्त ९ महिन्यांचे पैसे. ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड धरतात. म्हणजे मँचेस्टरसाठी १०,५३९ पौंड. आगाऊ भरलेली फी वजा होते, पण तिची नोंद विद्यापीठाने पाठवलेल्या कॅसवर, म्हणजे व्हिसासाठीच्या प्रवेशाच्या खात्रीपत्रावर, असलेली बरी. पावती हातात आहे आणि कॅसवर नोंद नाही, असे असेल तर आधी विद्यापीठाकडून कॅस दुरुस्त करून घ्या.

ही सगळी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या दिवसापासून मागे ३१ दिवसांच्या आत हवी. अर्जाचा दिवस म्हणजे ऑनलाइन फी भरली तो दिवस, बोटांचे ठसे द्यायला गेलात तो नव्हे. इथे पुष्कळ जण चुकतात. दुसरी चूक याहून साधी आणि याहून महाग : पंचविसाव्या दिवशी गाडीचा हप्ता कापला जातो, किंवा कुणीतरी त्याच खात्यातून फीचा पुढचा भाग भरून टाकतो, आणि शिल्लक एका दिवसासाठी मर्यादेखाली जाते. तेवढ्यावर नकार येतो. सरासरी शिल्लक कुणी पाहत नाही, रोजची पाहतात. रुपया घसरला तरी तीच अडचण, कारण पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा आणि ओअँडाच्या साइटवरचा धरतात. म्हणून हिशेबापेक्षा पाच-सात टक्के जास्त ठेवा आणि त्या महिन्यात त्या खात्याला हातच लावू नका.

एफडी मोडता येण्याजोगी असेल तर चालते, पण बँकेच्या पत्रात तसे स्पष्ट लिहिलेले हवे. आमचा सल्ला असा की एफडी आधी मोडा, रक्कम बचत खात्यात घ्या, मग दिवस मोजायला लागा. व्याजाचे थोडे नुकसान होईल, पण कागद एकच राहील आणि तपासणाऱ्याला शंका उरणार नाही. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर २८ दिवसांचा नियम लागत नाही. कर्ज मुलीच्या नावावर हवे आणि बँकेचे पत्र अर्जाआधीच्या ६ महिन्यांतले हवे.

पैसे तुमच्या खात्यात असतील तर मुलीचा जन्मदाखला आणि तुमचे संमतीपत्र जोडावे लागते. दाखला फक्त मराठीत असला तर इंग्रजी भाषांतर लागेल. त्यावर भाषांतर अचूक असल्याची खात्री, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क असलाच पाहिजे. हे घरी टाइप करून चालत नाही.

आरोग्य अधिभाराचेही, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्याच्या शुल्काचेही, धरून ठेवा. दर वर्षाला ७७६ पौंड, पण पूर्ण १२ महिन्यांच्या कोर्सला व्हिसा कोर्सच्या मागेपुढे काही महिने जास्तीचा मिळतो, त्यामुळे दीड वर्षाचे म्हणजे १,१६४ पौंड भरावे लागतात. ते अर्जासोबतच जातात. शिवाय सहा महिन्यांहून जास्त राहायचे म्हणून मान्यताप्राप्त केंद्रातून टीबीची तपासणी. ते प्रमाणपत्र ६ महिने चालते.

प्रश्न : माझ्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे. पूर्ण नाव पहिल्या नावाच्या रकान्यातच छापले आहे. अमेरिकेला अर्ज करताना अडचण येईल का?
– एक विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर : येईल, आणि ती तिथे गेल्यावरही पाठ सोडत नाही. अशा पासपोर्टवर अमेरिकेच्या व्हिसात तुमचे पूर्ण नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू ही तीन अक्षरे येतात, म्हणजे ‘पहिले नाव माहीत नाही’. पुढे बँक, वाहन परवाना, सोशल सिक्युरिटी, सगळीकडे तेच नाव लागते.

आपल्याकडे बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव, आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत. परदेशी अधिकाऱ्याला ही पद्धत ठाऊक असेलच असे नाही. म्हणून विद्यापीठाचा अर्ज भरण्याआधी पासपोर्ट रीइश्यूला टाका आणि आडनाव वेगळे करून घ्या. पुण्यात त्यासाठी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेता येते. क्रम हाच ठेवा : आधी पासपोर्ट, मग विद्यापीठ, मग आय-२० (विद्यापीठाचे व्हिसासाठीचे प्रवेशपत्र), मग डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज). उलटे केलेत तर प्रत्येक कागद पुन्हा दुरुस्त करत बसावे लागेल.

प्रश्न : जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधी भरून ठेवायचे खाते) नेमके ११,९०४ युरो पाठवले, तरी खात्री पत्र येत नाही. चूक कुठे झाली?
– एक विद्यार्थी, चिंचवड

उत्तर : बहुधा नेमके पाठवले हीच चूक. मधल्या बँका आपले शुल्क कापून घेतात आणि तिकडे काही युरो कमी पोचतात. वर्षाचे ११,९०४, म्हणजे महिन्याचे ९९२, पूर्ण जमल्याशिवाय पत्र निघत नाही. खात्यात किती आले ते बघून फरक भरा, आणि या वेळी बँकेला सांगा की सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडूनच घ्यायचे. खाते उघडून देणाऱ्या कंपनीची फी या रकमेपेक्षा वेगळी असते, तीही तपासा.

एपीएसचे, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे, काम झाले आहे ना? नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या अर्जाआधी ते प्रमाणपत्र लागते आणि त्याची फी १८,००० रुपये आहे. ते हाती नसेल तर बाकीची तयारी व्यर्थ.

प्रश्न : अमेरिकेच्या व्हिसाच्या मुंबईच्या मुलाखतीत २१४(बी) कलमाखाली नकार मिळाला. अपील करता येते का? सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची) फी पुन्हा भरायची का?
– एक विद्यार्थी, औंध

उत्तर : अपील नाही. नवा डीएस-१६०, १८५ डॉलरची नवी व्हिसा फी आणि नवी मुलाखत. सेव्हिसचे ३५० डॉलर मात्र पहिल्या नकारापासून १२ महिन्यांत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पुन्हा भरायचे नाहीत. विद्यापीठ बदलले आणि आय-२० वर नवा सेव्हिस क्रमांक आला, तर भरलेली फी त्या क्रमांकावर वळवून घ्या.

पण लगेच दुसरी तारीख घेऊ नका. २१४(बी)चा अर्थ शिक्षण संपल्यावर तुम्ही परत याल हे अधिकाऱ्याला पटले नाही. खर्च कोण करणार, हाच कोर्स का, पुढे काय, यांची उत्तरे तीच असतील तर निकालही बहुधा तोच येईल. ठसे द्यायची तारीख आणि बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासाची तारीख वेगवेगळी असते, मुक्कामाची सोय त्याप्रमाणे करा. मोबाइल आणि बॅग आत नेता येत नाही. पहाटेच्या गाडीने थेट तिथे गेलात तर सामान कुठे ठेवायचे ते आधी ठरवा.

प्रश्न : एजंट म्हणतो कॅनडासाठी एसडीएस या जलद योजनेतून वीस दिवसांत व्हिसा करून देतो. खरे का?
– एक पालक, सिंहगड रोड

उत्तर : नाही. एसडीएस ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाले. आता सगळे अर्ज एकाच मार्गाने जातात आणि १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवासखर्चाखेरीज २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. बंद झालेली योजना विकणाऱ्याच्या हाती मुलाचा अर्ज देऊ नका. अर्ज दिला असेल तर पोर्टलचा पासवर्ड आजच मागून घ्या आणि नोंदवलेला ईमेल व फोन मुलाचाच आहे का ते पाहा. अर्जातला खोटा कागद एजंटच्या नव्हे, मुलाच्या नावावर नोंदला जातो, आणि चुकीच्या माहितीबद्दल कॅनडा ५ वर्षांची बंदी घालू शकतो.