रक्त दिसलं की मूळव्याधच?

प्रश्न : वय ५२. पंचवटीत राहते. दोन महिन्यांपासून पोट साफ होत नाही. रोज रात्री चूर्ण घेते. कधीकधी रक्त पडतं. मूळव्याधच असेल ना?

उत्तर : ताई, असेलही, पण तपासल्याशिवाय तसं धरून चालू नका. पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलली आणि वर रक्त, म्हणजे याच आठवड्यात डॉक्टर गाठा. लाजू नका, आम्हाला हे रोजचंच. बहुधा दुर्बिणीतून तपासणी लागेल. चूर्णाचं पाकीट सोबत न्या; त्यात सोनामुखी असेल तर ते रोज घेणं बरं नाही. इसबगोल डॉक्टरांना विचारूनच, तेही पेलाभर पाण्यासोबत. मात्र पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरणंही थांबलं किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर रात्र असली तरी थेट सिव्हिल गाठा.