वाचकांचे प्रश्न : ‘राज्यांचा हक्क’ नक्की कुणाचा?

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यातली. एम.ए.च्या अमेरिकेच्या इतिहासाच्या पेपरला १८ दिवस उरलेत. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढं सगळं इंग्रजीतून. राष्ट्राध्यक्षांची यादी पाठ करतेय, पण लिंकनच्या पुढं गेलं की सगळे एकसारखेच वाटतात. त्यात आणखी एक घोळ झालाय. वर्गात सांगितलं की यादवी युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं, आणि झेरॉक्सच्या नोट्समध्ये लिहिलंय गुलामगिरीसाठी. पेपरात काय लिहू?

उत्तर : गुलामगिरीसाठी. हे आधी वहीत लिहून टाक, मग पुढचं वाच.

यादी सोड. लिंकननंतरचे ते दाढीमिशांचे राष्ट्राध्यक्ष ३१ वर्षं शिकवूनसुद्धा फोटोवरून मला ओळखता येत नाहीत, आणि आजवर कुठल्या पेपरसेटरनं फोटो छापलेला नाही.

माझे वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. खतावणीच्या रुंद पानावर डावीकडं जमा, उजवीकडं नावे, आणि कडेला बोटभर जागा सोडून त्यात ते बारीक अक्षरात लिहायचे, ‘कुणाच्या सांगण्यावरून’. भांडण निघालं की वडील रक्कम बघत नसत, ती बोटभर जागा बघत. एम.ए.ला असताना अमेरिकेचा इतिहास माझ्या डोक्यात बसेना, तेव्हा मी तेच पान आखलं. डावीकडं केंद्र, उजवीकडं राज्य, कडेला कोण मागतंय ते. तूही आख. कॅलेंडरच्या पानामागं आखू नको, तिथं राशिभविष्य आणि रेल्वेच्या गाड्या असतात, मन भरकटतं.

पहिली नोंद १७९८. सरकारवर टीका करणाऱ्याला तुरुंगात टाकणारा कायदा राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्सच्या काळात झाला. जेफरसन आणि मॅडिसन यांनी केंटकी आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळांसाठी ठराव लिहून दिले, की केंद्र मर्यादेबाहेर गेलं तर राज्यानं आडवं यावं. राज्याच्या रकान्यात खूण कर, कडेला लिही जेफरसन. आता १८०३. हाच जेफरसन राष्ट्राध्यक्ष झालाय आणि नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरला लुइझियाना विकत घेतोय. देशाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झालं. अशी खरेदी करायचा अधिकार घटनेत कुठं लिहिलाय, ही शंका त्याला स्वतःलाच होती, तरी सौदा त्यानं सोडला नाही. खूण केंद्राच्या रकान्यात, कडेला पुन्हा जेफरसन.

इथंच पेन्सिल थांबव आणि ते पान नीट बघ. माणूस तोच, रकाना बदलला.

मग भराभर चाल. १८१४ ला हार्टफर्डमध्ये जमून राज्यांच्या हक्कांचा घोष करणारे लोक उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडचे, कारण इंग्लंडशी चाललेल्या युद्धात त्यांचा व्यापार बुडत होता. १८३२ ला साऊथ कॅरोलायनानं आयातकराचा कायदा आमच्याकडं लागूच नाही म्हणून जाहीर केलं. त्यामागचं डोकं तिथल्याच कॅलहूनचं, तो तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष. समोर राष्ट्राध्यक्ष जॅक्सन. तो स्वतः दक्षिणेचा, गुलाम बाळगणारा, तरी त्यानं लष्कराची धमकी दिली. शेवटी १८३३ ला कर कमी करून प्रकरण मिटवलं.

१८५० वर मात्र एक पूर्ण संध्याकाळ घालव. पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तर त्याला पकडून परत द्यायचं, आणि हे काम केंद्राचे अधिकारी करणार, असा कडक कायदा झाला. मागणी दक्षिणेची! म्हणजे राज्यांच्या हक्कांचा जप करणाऱ्यांना इथं केंद्राचा लांब हात हवा होता. उलट विस्कॉन्सिन या उत्तरेतल्या राज्याच्या कोर्टानं १८५४ साली हा कायदा घटनाबाह्य ठरवला, म्हणजे राज्याचा हक्क वापरला, तो गुलामाला सोडवण्यासाठी. १८५९ साली केंद्रीय सुप्रीम कोर्टानं विस्कॉन्सिनला गप्प केलं. १८६० च्या डिसेंबरात साऊथ कॅरोलायना फुटून निघालं, तेव्हाच्या जाहीरनाम्यात तक्रार काय आहे? उत्तरेची राज्यं आमचे पळालेले गुलाम परत देत नाहीत. म्हणजे तक्रार उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला याचीच. आणि फुटलेल्या राज्यांनी स्वतःची घटना केली, तिच्यात गुलामांवरची मालकी बाधित करणारा कायदा करायला बंदी घातली. वर्गात तुला सांगितलं ते अर्धं आहे. राज्यांचा हक्क हे शब्द त्या भांडणात होते, पण कडेच्या रकान्यात गुलामांचे मालक आहेत.

सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती, १८७७ ला दक्षिणेतून शेवटची केंद्रीय फौज हटली, गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा १९५४ चा निकाल, १९५७ ला लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना आत नेण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनं पाठवलेले पॅराट्रूपर, १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा. या नोंदी तुझ्या तू भर.

आपल्या सीमाभागातल्या मुलांना हा पेपर इतरांपेक्षा लवकर कळतो, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. केंद्र, राज्य, सीमा, सुप्रीम कोर्ट हे शब्द आपण जेवताना ऐकलेत. १८६१ साली व्हर्जिनिया फुटून निघालं, तेव्हा त्याच्या डोंगराळ पश्चिम भागातल्या लोकांनी व्हीलिंग गावात बसून आपलंच वेगळं ‘व्हर्जिनिया सरकार’ थाटलं. घटनेचं चौथं कलम सांगतं, की राज्याच्या पोटातून नवं राज्य काढायचं तर काँग्रेसबरोबर, म्हणजे तिथल्या संसदेबरोबर, त्या राज्याच्या विधिमंडळाचीही संमती हवी. ती संमती या व्हीलिंगवाल्या सरकारनंच दिली, आणि २० जून १८६३ ला वेस्ट व्हर्जिनिया झालं. युद्ध संपल्यावर जुनं व्हर्जिनिया बर्कली आणि जेफरसन हे दोन जिल्हे परत मागायला सुप्रीम कोर्टात गेलं. १८७१ ला हरलं. आपल्याकडं तिसऱ्या कलमाखाली राष्ट्रपती राज्याच्या विधिमंडळाचं फक्त मत मागवतात, संमतीची अट नाही. हा फरक एका वाक्यात लिहिलास तर तपासणारा खूश होईल.

एकाच वाक्यात, बरं का. माझा एक विद्यार्थी वेस्ट व्हर्जिनियावरून १९५६ च्या पुनर्रचनेत शिरला, तिथून महाजन आयोगात, तिथून सीमाप्रश्नाच्या २००४ च्या दाव्यात, आणि बाहेर आलाच नाही. पुरवणी घेऊन लिहिलं होतं. १६ पैकी ४.

प्रश्न : माझी निपाणीत तंबाखूची वखार आहे. मुलगा बी.ए.ला आहे. परवा म्हणाला, अमेरिकेत जास्त मतं पडलेला माणूस हरू शकतो. अभ्यास न करता मला बनवतोय का?

उत्तर : बनवत नाही. १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ असं पाच वेळा झालंय. तिथं मोजणी देशाची नसते, राज्याराज्याची असते. प्रत्येक राज्याला प्रतिनिधीगृहातल्या जागा अधिक सिनेटच्या दोन एवढी निर्वाचक मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी मतं, राजधानीला तीन, मिळून ५३८. जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्य एका मतानं जिंका नाहीतर दहा लाखांनी, तिथली सगळी निर्वाचक मतं तुमचीच. १८७६ ला तर १८५ विरुद्ध १८४ असा निकाल लागला. आणि यादवी युद्धापर्यंत जागा ठरवताना गुलामाची गणती तीन पंचमांश माणूस अशी व्हायची. त्याला मत नाही, पण त्याच्यामुळं मालकाच्या राज्याच्या जागा वाढायच्या.

वखार बंद झाल्यावर मुलाला समोर बसवा आणि हे सगळं मराठीतून दहा मिनिटांत समजावून द्यायला सांगा. मधे मधे “म्हणजे काय?” विचारा. तुमचा गुमास्ता ऐकत असेल तर आणखी बरं, तो हिशेबातली चूक सोडणार नाही. गाईड चार वेळा वाचून होत नाही तेवढी उजळणी त्यात होते. आणि तुमची तंबाखू विडीची, व्हर्जिनियाची वेगळी, हे तुम्हीच त्याला सांगा. सतराव्या शतकात तिथल्या वसाहतीचा जीव त्या पिकावर होता. मळ्यांना माणसं कमी पडायला लागली, तिथून पुढं हे सगळं रामायण.

प्रश्न : गेल्या सत्रात याच पेपरला ३८ पडले. मला ५५ ची खात्री होती. घटनादुरुस्त्यांवरचं उत्तर तर उत्तम लिहिलं होतं. रिव्हॅल्युएशन टाकू की पुन्हा बसू? – चिकोडी

उत्तर : मुदत असेल तर टाका, पण अभ्यास थांबवू नका. दोन्ही कामं एका वेळी होतात.

घटनादुरुस्त्यांचंच निघालं म्हणून सांगतो. १९८२ साली टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन नावाच्या विद्यार्थ्यानं एक निबंध लिहिला. काँग्रेसच्या सदस्यांनी स्वतःचा पगार वाढवला तर ती वाढ पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावी, अशी दुरुस्ती १७८९ साली राज्यांकडं पाठवली होती आणि तशीच पडून होती. तिला मुदत घातलेली नाही, म्हणजे ती अजून मंजूर होऊ शकते, असं त्यानं लिहिलं. सी ग्रेड मिळाला. दाद मागितली, ग्रेड तोच. मग त्यानं राज्याराज्याच्या विधिमंडळांना पत्रं लिहायला घेतली, आणि १९९२ साली ती सत्ताविसावी घटनादुरुस्ती म्हणून मंजूर झाली. त्याचा सी बदलून ए झाला २०१७ साली.

तेव्हा पावती जपून ठेवा.