कॉम्प्रेशन टेस्टर घेताना डायल नको, नळी बघ

कॉम्प्रेशन टेस्टर म्हणजे इंजिनच्या सिलिंडरमधला दाब मोजायचा गेज. त्याचा डायल चकचकीत आहे म्हणून भुलू नकोस. आधी नळीचं स्पार्क प्लगच्या भोकात बसणारं टोक बघ. तिथे आत बारीकसा एकदिशा व्हॉल्व्ह हवाच. तो वर गेजपाशी असेल तर नळीतली पोकळी सिलिंडरच्या जागेत मिळते आणि आकडा कमी दिसतो. छोट्या इंजिनात तर फारच. असल्याच टेस्टरवर विसंबून मी एकदा बाइकचं धडधाकट इंजिन उघडून बसलो होतो! हा व्हॉल्व्ह गेला तर टायरचा बसवू नकोस. दिसायला सारखाच, पण स्प्रिंग कडक, त्यामुळे पुन्हा आकडा कमी.

रबरी टोक दाबून धरायचा प्रकार एकट्याला झेपत नाही, आट्यांचाच घे. पेट्रोलला ३०० पीएसआयचा (दाबाचं एकक) गेज पुरतो. डिझेलला तोच लावलास तर गेला म्हणून समज. त्याला १००० पर्यंतचा वेगळा लागतो.

आणल्यावर स्टार्टर मारून एकाच सिलिंडरवर तीनदा मोज. इंजिन गरम, बॅटरी फुल, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडे जुळले आणि स्टार्टर सोडल्यावरही काटा जागचा हलला नाही, तर ठेव. नाहीतर सरळ परत कर.