वाचकांचे प्रश्न : नौकेवरचा शेजार

प्रश्न : माझी मुलगी व आयरिश जावई आपल्या शिडाच्या नौकेवरच राहतात. उन्हाळाभर ग्रीसच्या बेटांमधून फिरून ते आता ऑक्टोबरपासून सिसिलीतील मरीना दी रागूझा येथे हिवाळ्यासाठी थांबले आहेत. ओळखीचे कोणी नसलेल्या ठिकाणी मुलगी एकटी पडेल, अशी मला काळजी वाटते. दिवाळीत आम्ही उभयता त्यांच्याकडे जाणार आहोत. तेथील लोकांत कसे वागावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : एकटेपणाची काळजी आपण मनातून काढून टाकावी, त्या धक्क्यावर थोडा एकांत मिळवणे हेच कदाचित त्यांना अवघड जाईल. उन्हाळ्यात नौकेवर राहणारी मंडळी आपापल्या मर्जीने खाड्यांमध्ये नांगर टाकून राहतात आणि एकमेकांना क्वचितच भेटतात. पण शरद ऋतूत भूमध्य समुद्रावर वादळी हवा सुरू झाली, की उघड्या खाडीत राहणे धोक्याचे होते आणि निरनिराळ्या देशांची कुटुंबे पुढील सहा महिन्यांसाठी एकाच मरीनात, म्हणजे नौका बांधून ठेवण्याच्या बंदरात, येऊन शेजारी होतात. सिसिलीचा दक्षिण किनारा अशा लोकांच्या विशेष पसंतीचा आहे.

अशा वसाहतींचा दिवस बहुधा सकाळच्या व्हीएचएफ रेडिओवरील (नौकांवरील जवळच्या अंतराचा बिनतारी संच) गप्पांनी सुरू होतो. सोळावा चॅनेल संकटाच्या हाकेसाठी व परस्परांना बोलावण्यासाठी राखलेला असल्यामुळे त्यावर पहिली हाक देऊन सर्व जण दुसऱ्या चॅनेलवर जातात. आधी कोणाला तातडीची मदत हवी आहे का ते विचारले जाते, मग हवामान, नव्याने आलेल्या व निघालेल्या नौका, देण्याघेण्याच्या जुन्या वस्तू आणि शेवटी भाषेचा वर्ग, सामुदायिक व्यायाम, रविवारी चुलीभोवतीचे जेवण अशा कार्यक्रमांच्या घोषणा होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात, अंधार लवकर पडतो आणि उघड्यावरच्या संध्याकाळच्या बैठका केबिनमध्ये भरू लागतात. तेथे माणसे आडनावाने नव्हे, तर नौकेच्या नावाने ओळखली जातात. मुलीच्या नौकेचे नाव सांगितलेत, की आपली ओळख पुरी होईल.

मला स्वतःला या समाजाचा सर्वांत मोलाचा गुण वाटतो तो वाऱ्याच्या रात्री दिसणारा. आफ्रिकेकडून सिरोको नावाचा वारा सुटला, की नौका दोरांना हिसके देऊ लागतात. अशा वेळी माणसे मध्यरात्री उठून केवळ आपलेच नव्हे, तर मायदेशी गेलेल्या शेजाऱ्याच्या नौकेचेही दोर तपासतात, घासून झिजणाऱ्या जागी कापड गुंडाळतात, आणि त्याबद्दल कोणी आभाराची अपेक्षा ठेवत नाही. एखादी नौका धक्क्याला लागताना दिसली, की हातातले काम टाकून तिचा दोर धरायला जायचे, हा तेथील पहिला शिष्टाचार आहे. आपणही जावे, मात्र दोर कोठे अडकवायचा ते नौकेवरच्या माणसाला विचारूनच.

ही जवळीक टिकते ती एका कडक मर्यादेमुळे. नौकेला अंगण नसते. धक्क्यावरून नौकेत जाण्याच्या फळीवर पाय ठेवला, की आपण थेट त्या माणसाच्या घरात शिरतो. म्हणून धक्क्यावरूनच हाक मारावी, बोलावल्यावरच चढावे आणि पादत्राणे काढावीत, जे आपल्याला मुळीच नवे नाही. गोड्या पाण्याची टाकी लहान असते, त्यामुळे अंघोळ मरीनाच्या स्नानगृहात करणे सोयीचे. या समाजात एक सलही आहे : युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना शेंगेन प्रदेशात (आपसांतील सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) व्हिसामुक्त किंवा अल्प मुदतीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते, त्यामुळे स्वतंत्र परवाना नसलेल्या काही मित्रांना नोव्हेंबर-डिसेंबरातच निघावे लागते. जावई आयरिश असल्याने त्यांना ही अडचण नाही. मुलीची जिवलग मैत्रीण मात्र अशी निघून जाऊ शकते, आणि आपल्या येण्याचा मुलीला तेव्हा खरा आधार होईल.

दिवाळीबाबत दोन गोष्टी सांभाळाव्यात. बाण उडवू नयेत, कारण समुद्रावर आकाशात चढलेला लाल प्रकाश ही मदतीची हाक असते आणि ती पाहून बचाव पथक निघू शकते. तळण नौकेवर करू नये. नौका हलली तर उकळते तेल आवरता येत नाही. चकली व चिवडा तेलातला, घरूनच करून हवाबंद डब्यांत न्यावा, कारण नौकेवर ओल फार असते. तूप, पेढे, बर्फी मात्र नेऊ नयेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. फराळाचे आमंत्रण मुलीला सकाळच्या रेडिओवरून द्यायला सांगावे आणि बैठक धक्क्यावरच मांडावी, कारण बोलावलेले सगळे येतील.