दुसऱ्या कडव्याला नवे शब्द हवेतच का?

प्रश्न : आम्ही चौघे मित्र नाशिकला रॉक बँड चालवतो आणि पदरमोड करून आमचे पहिले मराठी गाणे ध्वनिमुद्रित करीत आहोत. विषय प्रेमातल्या फसवणुकीचा, माझ्या स्वतःच्या आयुष्यातून आलेला आहे. पहिले कडवे आणि ध्रुवपद एका रात्रीत झाले. दुसरे कडवे मात्र चार महिने झाले तरी सुचत नाही. पहिलेच कडवे पुन्हा गायले, तर श्रोते त्याला आळस म्हणतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नेमक्या याच अडचणीतून निघालेले एक गाणे आपण ऐकले असेल : लास व्हेगासच्या 'द किलर्स' या बँडचे 'मिस्टर ब्राइटसाइड'. गायक ब्रँडन फ्लॉवर्स आणि गिटारवादक डेव्ह क्यूनिंग २००१ साली वर्तमानपत्रातल्या जाहिरातीमुळे एकत्र आले, आणि त्यांच्या अगदी पहिल्या रचनांपैकी ही एक. एके रात्री फ्लॉवर्स अस्वस्थ होऊन झोपेतून उठले, शहरातल्या 'क्राउन अँड अँकर' या पबमध्ये गेले आणि तिथे त्यांना आपली प्रेयसी दुसऱ्याबरोबर दिसली, असे त्यांनीच सांगितले आहे. क्यूनिंग यांच्याकडे गिटारचा तुकडा तयार होता, त्यावर शब्द बसले. पण दुसऱ्या कडव्यासाठी शब्दच उरले नाहीत, म्हणून पहिलेच कडवे पुन्हा गायले गेले.

ते खपून गेले याचे कारण कडव्यातच आहे. गाण्यात घडलेला प्रसंग थोडका. टॅक्सी, सिगारेट आणि त्यापुढचे सारे निवेदक मनात रंगवतो आणि हे आपल्या डोक्यात चालले आहे, अशी कबुलीही देतो. चालही कडव्यात बराच वेळ जवळजवळ एकाच स्वरावर घुटमळते. संशयाने पोखरलेले मन रात्रभर तेच चित्र उलटसुलट पाहत असते, त्यामुळे तेच शब्द पुन्हा आले की ऐकणाऱ्याला ते खरेच वाटतात. सप्टेंबर २००३ मध्ये ब्रिटनमधल्या 'लिझर्ड किंग' या छोट्या कंपनीने ते काढले तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. २००४ मध्ये पुन्हा काढल्यावर ते तिथल्या खपाच्या यादीत पहिल्या दहांत आले. पहिला क्रमांक त्याला आजवर मिळालेला नाही, पण तो न मिळालेल्या गाण्यांत ब्रिटनमध्ये ते २०२४ साली खपात सर्वांच्या पुढे गेले.

मात्र आपला श्रोता भावगीतावर वाढलेला आहे आणि दुसऱ्या अंतऱ्यात गोष्ट पुढे सरकावी अशी त्याची अपेक्षा असते, हे विसरून चालणार नाही. म्हणून आपले पहिले कडवे कागदावर उतरवून त्यात डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू किती आहेत ते पाहावे. 'तू मला फसवलेस' एवढेच त्यात निरनिराळ्या शब्दांत असेल, तर दुसऱ्यांदा ते रडगाणे होईल, आणि तसे असल्यास (स्पष्ट लिहितो, राग नसावा) एकदा म्हणणेही जास्तच आहे. दृश्य असेल तर बिनदिक्कत पुन्हा गावे. फक्त दुसऱ्या खेपेला गळा आधीइतका सावरलेला नसावा.

न विचारलेली एक गोष्ट : घटना खरी असल्यामुळे फसवणाऱ्या व्यक्तीचे नाव, कॉलेज किंवा गल्लीची खूण शब्दांत राहिली असेल, तर ध्वनिमुद्रणापूर्वी ती काढून टाकावी. किलर्सच्या गाण्यात त्या मुलीचे नाव नाही, आणि पबचेही नाही.