वाचकांचे प्रश्न : उजवा हात, डावा डोळा आणि पिस्तूल

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी गेल्या वर्षापासून १० मीटर एअर पिस्तूल शिकते आहे. ती उजव्या हाताने लिहिते, जेवते आणि पिस्तूलही उजव्याच हातात धरते. अलीकडे झालेल्या चाचणीत तिचा डावा डोळा प्रभावी असल्याचे कळले. तिचे प्रशिक्षक डावा डोळा मिटून नेम धरायला सांगतात. दुसऱ्या एका जाणकारांचे म्हणणे असे, की आताच हात बदलून डाव्या हाताने शिकवा, नाहीतर पुढे पस्तावाल. सुरुवातीच्या (दहा-दहा शॉटच्या) मालिका तिला चांगल्या जमतात, शेवटच्या दोन मालिकांत मात्र गुण घसरतात आणि डोळा दुखतो असे ती म्हणते. आम्ही कोणाचे ऐकावे? — एक पालक, सांगली

उत्तर : सर्वप्रथम मनातली धास्ती काढून टाकावी. उजवा हात आणि डावा डोळा ही जोडी म्हणजे व्यंग नव्हे आणि आजार तर मुळीच नव्हे. प्रभावी डोळा म्हणजे नेम धरताना मेंदू ज्याच्यावर विसंबतो तो डोळा. सुमारे दोन तृतीयांश माणसांचा उजवा डोळा प्रभावी असतो, उरलेल्यांपैकी बहुतेकांचा डावा, आणि हाताचा कल व डोळ्याचा कल एकाच बाजूला असलाच पाहिजे असा शरीराचा काही नियम नाही. इटलीच्या जांबातिस्ता देल्ला पोर्ता यांनी १५९३ साली प्रकाशविषयक ग्रंथात या डोळ्याच्या कलाची नोंद केली होती, म्हणजे ही गोष्ट माणसाला चारशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

निर्णय घेण्यापूर्वी चाचणी पुन्हा करा, आणि ती घरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून करा. मुलीला आपल्यापासून आठ-दहा फुटांवर उभे करावे, आपण आपला एक डोळा झाकावा आणि तिला दोन्ही डोळे उघडे ठेवून आपल्या उघड्या डोळ्याकडे बोट रोखायला सांगावे. तिचे बोट तिच्या ज्या डोळ्याच्या रेषेत आपल्याला दिसेल, तो तिचा नेमाचा डोळा. तळहातांची खिडकी करून भिंतीवरचे बटण पाहण्याची चाचणी अधिक प्रसिद्ध आहे, परंतु मुले तिच्यात नकळत उत्तर ठरवून मोकळी होतात, म्हणून मी बोटाच्या चाचणीवर अधिक विसंबते. यात आणखी एक बारकावा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी पाहिलाच जात नाही : नजर अगदी कडेला वळली, की काही जणांचा प्रभावी डोळा बदलतो. पिस्तूल नेमबाज लक्ष्याकडे खांदा करून उभा राहतो आणि मान वळवून पाहतो. मान पुरेशी वळली नाही तर उरलेले काम बुबुळे कडेला सरकून करतात. म्हणून हीच चाचणी एकदा समोरासमोर आणि एकदा तिच्या नेहमीच्या स्टान्समध्ये, म्हणजे नेमासाठी उभे राहण्याच्या पद्धतीत, करावी. दोन्हींचे उत्तर सारखे आले आणि दर वेळी तेच आले, तर कल पक्का आहे. उत्तर कधी इकडे, कधी तिकडे येत असेल तर कल सौम्य आहे, आणि मग पुढचा मार्ग वेगळा.

त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडून दोन्ही डोळ्यांचा नंबर तपासून घ्यावा. प्रभावी डोळा म्हणजे अधिक तीक्ष्ण डोळा असे नाही, परंतु एका डोळ्याला न सापडलेला नंबर असेल किंवा तो लहानपणापासून आळशी राहिला असेल, तर मेंदू दुसऱ्यावर भार टाकतो, आणि ते आपण उगाच कल समजून बसतो. कल ‘बदलण्यासाठी’ दिवसभर एका डोळ्यावर पट्टी बांधण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. आळशी डोळ्यावरची पट्टी हा वैद्यकीय उपचार आहे आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होतो.

आता मूळ मुद्दा. रायफलमध्ये गाल दस्त्यावर टेकलेला असतो, त्यामुळे खांदा ज्या बाजूचा, डोळाही त्याच बाजूचा हवा अशी सक्ती जवळजवळ होतेच. पिस्तूल मात्र हाताच्या टोकाशी मोकळे असते. दोन बाहुल्यांमधले अंतर सहा-एक सेंटिमीटर आहे, म्हणजे उजव्या डोळ्याऐवजी डाव्या डोळ्यासमोर आणताना पिस्तूल तेवढेच सरकते. म्हणूनच कल पक्का असेल तर माझा कौल स्पष्ट आहे : हात उजवाच ठेवावा आणि नेम डाव्या डोळ्याने धरावा. ज्या डोळ्यावर मेंदूचा विश्वास आहे त्याला मिटायला लावून दुसऱ्याकडून साठ शॉट काम करून घेणे, हा या तीन मार्गांतला सर्वांत थकवणारा मार्ग आहे, आणि शेवटच्या मालिकांतली घसरण मला त्याचीच खूण वाटते.

का, ते समजून घेण्यासारखे आहे. एक डोळा आवळून मिटला की गालाचे आणि कपाळाचे स्नायू ताणलेले राहतात. त्याच वेळी डोळ्यांत जाणारा एकूण प्रकाश कमी झाल्याने उघड्या डोळ्याची बाहुलीही थोडी मोठी होते. बाहुली मोठी झाली की फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण), मागची खाच आणि लक्ष्याचा काळा गोल यांतले एक जेमतेम स्पष्ट दिसते आणि बाकीचे अधिक धूसर होतात. पिस्तुलात तर सारा खेळ फ्रंट साइट स्पष्ट दिसण्याचा आहे. दोन साइटमधले अंतर साधारण ३२० मि.मी. धरले, तर खाचेत फ्रंट साइट फक्त १ मि.मी. बाजूला गेली की १० मीटरवर छर्रा केंद्रापासून सुमारे ३१ मि.मी. दूर लागतो. दहाचे वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचे आहे, तेव्हा हा शॉट दहाऐवजी साताच्या कडेवर जातो. हात तेवढाच स्थिर, श्वास तसाच, ट्रिगरही नीट दाबलेला, आणि तरीही सात! मुलांना हे कोडे उलगडत नाही, ती हाताला दोष देत बसतात.

त्यासाठी डोळा मिटण्याऐवजी झाकावा, आणि तोही काळ्या कागदाने नव्हे. दुधी, अर्धपारदर्शक प्लास्टिकची छोटी पट्टी नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर टोपीला किंवा शूटिंगच्या चष्म्याला लावली, की प्रकाश दोन्ही डोळ्यांत सारखा जातो आणि तरी दुसरे चित्र मध्ये लुडबुड करत नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार हा समोरचा ब्लाइंडर ३० मि.मी.पेक्षा रुंद चालत नाही, म्हणून सुरुवातीपासून त्याच मापाचा वापरावा. स्पर्धेच्या दिवशी कात्री शोधण्याची वेळ येऊ नये.

डाव्या डोळ्याकडे वळताना उभे राहण्याची पद्धत नव्याने बसवावी लागेल, आणि इथे घाई करू नये. मुले पहिली गोष्ट करतात ती म्हणजे डोके उजव्या खांद्याकडे कलते करून डावा डोळा साइटच्या मागे आणणे. हे लगेच थांबवावे. डोके तिरके झाले की कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रियही तिरके होते, शरीराचे डोलणे वाढते आणि मान दुखू लागते ते वेगळेच. डोके सरळ राहिले पाहिजे, पिस्तुलाने डोळ्यापाशी यायचे असते. त्यासाठी पावले थोडी वळवून ती लक्ष्याकडे आणखी जरा कडेने उभी राहील असे पाहावे, म्हणजे उजवा खांदा आणि हात डाव्या डोळ्याच्या रेषेच्या जवळ येतात. पण त्याबरोबर मानही पुरती वळायला हवी. ती अर्धवट वळली तर डावी नजर नाकाच्या हाडावरून जाते आणि चष्म्याची चौकट मध्ये येते. किती अंशांनी वळावे, याचा एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही. तिने डोळे मिटून, सैल शरीराने हात उचलावा, स्थिर झाल्यावर डोळे उघडावेत, आणि पिस्तूल लक्ष्याच्या डावी-उजवीकडे असेल तर मनगट न वळवता पावले सरकवावीत. मान आखडेपर्यंत कडेने उभे राहण्यात अर्थ नाही. उरलेला फरक ग्रिपमधून काढावा. स्पर्धेच्या बहुतेक एअर पिस्तुलांची लाकडी ग्रिप सैल करून तिचा कोन थोडा बदलता येतो. मनगट सरळ राहून साइट आपोआप डाव्या डोळ्यासमोर याव्यात, एवढेच पाहायचे. चष्मा शूटिंगचा असेल तर काच धरणारी कडी डाव्या बाजूला बसवून घ्यावी आणि काच नजरेच्या रेषेला काटकोनात आहे ना, हे दुकानदाराकडून नव्हे तर तिला स्टान्समध्ये उभे करून तपासावे.

बदल पचायला वेळ लागतो. आधी लक्ष्य नकोच, रिकाम्या पांढऱ्या कागदासमोर ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव, करावा. पिस्तूल रिकामे आहे याची प्रत्येक वेळी खात्री करून आणि तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवून. ती नेम धरून असताना प्रशिक्षकांनी ब्लाइंडर काढून पाहावा आणि उजव्या डोळ्यासमोर खेळण्यातला एक पत्ता हळूच आणावा. साइटचे चित्र जसेच्या तसे राहिले तर डावा डोळाच काम करत होता, चित्र उडाले किंवा बाजूला सरकले तर उजव्याने ताबा घेतला होता. ही तपासणी सरावाच्या शेवटी, थकल्यावरही करावी, कारण कलाची ओढाताण थकव्यातच उघडी पडते.

हात बदलण्याबद्दल. ते अशक्य नाही. हंगेरीचे कारोय ताकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये सदोष हातबॉम्बमुळे निकामी झाला, त्यांनी डाव्या हाताने नव्याने शिकून १९४८च्या लंडन आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. पण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, आपल्या मुलीपुढे आहे. ट्रिगर दाबणारे बोट स्वतंत्रपणे, बाकीची मूठ न हलवता चालणे हे कौशल्य लिहित्या हाताला लवकर येते, आणि तिने त्यावर एक वर्ष घालवले आहे. ती खेळात अगदी नवखी असती आणि दोन्ही हातांनी सारख्याच सहजतेने चेंडू फेकत असती, तर मी वेगळे लिहिले असते.

कल सौम्य निघाला तर मात्र उजवा डोळाच ठेवून डाव्यासमोर दुधी ब्लाइंडर लावणे पुरेसे होईल, स्टान्स हलवण्याची गरज नाही. कोणताही मार्ग घेतला तरी स्पर्धेच्या तोंडावर तो बदलू नये. आणि प्रशिक्षकांना डावलून घरी वेगळे शिकवू नये. हे उत्तर त्यांना वाचायला द्यावे, चाचणी त्यांच्यासमोर पुन्हा करावी आणि त्यांच्याबरोबर ठरवावे.

प्रश्न : मी पंचावन्न वर्षांचा आहे, क्लब पातळीवर २५ मीटर पिस्तूल खेळतो. हात उजवा, डोळाही उजवा. आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झाला आहे आणि अलीकडे डावा डोळा नेमात घुसतो आहे असे वाटते, विशेषतः वेगाच्या टप्प्यात. डाव्या डोळ्याकडे वळावे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : वेगाच्या टप्प्यातच हे जाणवणे स्वाभाविक आहे. तिथे हात ४५ अंशांवरून वर येतो आणि ३ सेकंदांत शॉट सोडायचा असतो. जो डोळा साइट आधी पकडेल त्याचाच नेम होतो, दुरुस्तीला वेळ नसतो. उजवे चित्र धूसर झाल्याने मेंदू डाव्याकडे धावतो आहे. तूर्त डाव्या डोळ्यासमोर दुधी ब्लाइंडर लावून पाहा.

परंतु डोळा कायमचा बदलण्याआधी शस्त्रक्रियेचा विचार करा, आणि शस्त्रक्रियेआधी आपण पिस्तूल खेळता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. बसवले जाणारे कृत्रिम भिंग बहुधा एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. काही रुग्णांत एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवतात, आणि त्यात प्रभावी डोळ्याला सहसा दूरचे काम देतात. आपल्याला फ्रंट साइट स्पष्ट हवी आणि ती डोळ्यापासून जेमतेम मीटरभर अंतरावर असते. फ्रंट साइटपासून डोळ्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून तो आकडा डॉक्टरांकडे न्या. दूरचे भिंग बसले तरी बिघडत नाही. शूटिंगच्या चष्म्यात दूरच्या नंबरावर साधारण +०.५० ते +०.७५ ची भर घातली की फ्रंट साइट स्पष्ट होते आणि लक्ष्याचा गोल सहन होईल इतकाच धूसर राहतो. सुधारक काच डोळ्यासमोर चालते, पिस्तुलावर चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर डोळा स्थिरावला की बोटाची चाचणी पुन्हा करा. पुष्कळदा जुना कल परत येतो, आणि मग डोळा बदलण्याचा खटाटोप लागतच नाही.

प्रश्न : माझा भाऊ रायफल शिकू इच्छितो. त्याचाही हात उजवा आणि डोळा डावा आहे. पिस्तुलाचाच उपाय त्याला चालेल का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. गाल दस्त्यावर असताना उलटा डोळा साइटमागे आणायचा तर मान वाकडीच होईल. तो अजून सुरुवातच करतो आहे, तेव्हा पहिल्या महिन्यात डाव्या खांद्यावरून नेम धरून पाहावा. रायफलमध्ये दोन्ही हात वजन पेलतात, त्यामुळे बाजू बदलणे पिस्तुलाइतके अवघड जात नाही. ते अजिबात जमले नाही तर उजवा डोळा आणि मागच्या साइटवर बसवलेला ब्लाइंडर. त्याची उंची ३० मि.मी.पर्यंत आणि साइटच्या छिद्राच्या केंद्रापासून लांबी १०० मि.मी.पर्यंत चालते. डाव्या हाताची रायफल विकत घेण्याची घाई करू नये. क्लबमध्ये दोन्ही बाजूंना जुळवता येणारा दस्ता असेल तर त्यावर आधी महिनाभर सराव करू द्यावा.